माती नोका देऊ

मैनाबाई गेली तेव्हा पुंजाराम रडला नाही. दसरा गेला, दिवाळी गेली, तरी रडला नाही. अकोटच्या जिनात कापसाचा हंगाम लागला तसा तो मुकाट्यानं सरकीची पोती वाहायला जाऊ लागला. शेजारची गोदाबाई भाकर आणून ठेवी. समोर दिसली तर खाई, नाही दिसली तर उपाशीच निजे. कोणी काही विचारलं तर उत्तर देई, पण ते दुसऱ्याच कोणाच्या तोंडून आल्यासारखं वाटे.

एका गोष्टीचा मात्र त्याला आधार होता. बायकोचा शेवटचा शब्द त्यानं पाळला होता.

श्रावणात तिला ताप भरला. अकोल्याच्या दवाखान्यात नेलं. चौथ्या दिवशी दुपारी तिनं त्याचं मनगट घट्ट धरलं आणि म्हणाली, "माती नोका देऊ. आइकलं ना? माती नोका देऊ." त्यानं मान हलवली. त्यानंतर ती बोलली नाही.

पुंजारामच्या घराण्यात मेल्या माणसाला माती देण्याची रीत होती. दर्यापूर रस्त्यावरच्या वावरात, बांधाच्या कडेला, आजा, बाप आणि माय सगळे तिथंच निजले होते. थोरल्या भावानं, नत्थुजीनं, गडी लावून मायच्या शेजारी खड्डा खणून ठेवला. पण पुंजाराम अडून बसला. तिला अग्नीच द्यायचा म्हणाला.

"मायच्या कुशीत जागा असून तिले जाळून राहिला तू?" नत्थुजी म्हणाला.

"तिनं सांगतलं," पुंजाराम म्हणाला.

भाऊ तेरवीलाही आला नाही. खड्डा तसाच राहिला, उकरलेल्या मातीचा ढीग काठावर.

मैनाबाईचं माहेर सेमाडोहकडचं, डोंगरातलं. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी तिनं अंगणात नाल्यातला मुरूम आणून ओतला, त्यात फुटकी कवेलं मिसळली आणि हातभर उंच ढीग केला. त्यावर माहेराहून आणलेली झाडं लावली. एक धायटी, एक निरगुडी आणि दोन कोरांट्या. पहिल्या उन्हाळ्यात तांब्या तांब्या पाणी घातलं, मग तेही बंद केलं. गल्लीतल्या बाया हसत. मैनाबाईनं माहेराहून गोटे आणले म्हणत. पण वैशाखात त्यांचे गुलाब करपून जात आणि हिची झाडं उभीच्या उभी. कार्तिकात कोरांटी पिवळी होई, फागुनात धायटी लाल होई. मग त्याच बाया पूजेला फुलं मागायला येत.

पुंजाराम पडला कास्तकाराचा पोरगा. काळी माती सोडून मुरमात झाड लावणं त्याला पटत नसे. तो तिला चिडवी, की एक दिवस वावरातली गाडीभर माती आणून टाकतो, मग पाहा कशी फुलतात. ती म्हणे, "तुमची माती तुमच्या पऱ्हाटीले. यायले, ह्या झाडाईले, नाही खपत." त्याला ती गंमत वाटे.

दिवाळीनंतर एकदा अंगणात बसला असताना त्याला ती गाडीभर माती आठवली. एवढं तिचं करायचं राहून गेलं, असं त्याच्या मनात आलं. तो गाडी जुंपून वावरात गेला. खड्ड्याच्या काठची माती मोकळीच पडली होती. खणायची गरज नव्हती. तीच भरून आणली. मुरमाचा ढीग सारखा केला, झाडांच्या बुडाशी वीतभर काळी माती चढवली, आळी केली आणि रोज दोन बादल्या पाणी घालू लागला. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच त्याच्या हातांना घरात काम मिळालं होतं.

पंधरा दिवसांत पानं पिवळी पडली. झाडं तहानली असं समजून तो चार बादल्या घालू लागला. धायटी गळाली. मग निरगुडी.

एका सकाळी गोदाबाई भाकर घेऊन आली, ती अंगणातच थबकली. "पुंजाभाऊ, काळी माती कोनं टाकली?"

"म्याच. वावरातली हाय. चांगली."

गोदाबाई खाली बसली. बोटानं माती उकरून पाहिली, बोट चिखलानं भरलं. "अकोल्याले जाताना यष्टीत बसली, तवाबी मले तेच सांगून गेली," ती म्हणाली. "म्हने, मी नसली की आमच्या घरचे गाडीभर माती आनून टाकतीन अन् मुळ्या सडून जातीन. त्यायले सांगजो, माती नोका देऊ."

पुंजाराम तिच्यासमोर खाली बसला.

"मंग काहून नाही सांगतलं मले?"

"मले वाटलं, तिनंच सांगतलं असन."

भाकरीवर माशी बसली, ती त्यानं हाकलली.

"सांगतलं होतं," तो म्हणाला.

रविवारी जिन बंद होतं. त्यानं घमेल्यानं सगळी काळी माती काढली. तीन झाडांच्या मुळ्या काळ्या पडून लिबलिबीत झाल्या होत्या. एका कोरांटीचं खोड नखानं खरवडलं तर बुडाशी बोटभर हिरवं निघालं. मुरूम आणि कवेलांचे तुकडे वेचून त्यानं पुन्हा ढीग केला, कोरांटी त्यात बसवली आणि पाणी घातलं नाही. मग गाडी भरली आणि वावरात नेली.

तो खड्डा बुजवत होता तेव्हा नत्थुजी कापसाच्या पऱ्हाटीतून बाहेर आला. श्रावणापासून दोघं बोलले नव्हते. पुंजारामनं वर पाहिलं नाही.

"ते झाडाईचं म्हनत होती, दादा," तो म्हणाला. "मातीचं. झाडाईले देऊ नोका, असं."

नत्थुजीला उमगायला वेळ लागला. उमगलं तसा तो गाडीकडं गेला. गाडीतलं दुसरं फावडं काढलं आणि पलीकडच्या बाजूनं माती ओढू लागला. खड्डा भरायला दोघांना फार वेळ लागला नाही. आत कोणी नव्हतं, तरी नत्थुजीनं वरची माती हातानं सारखी केली.

"तिचं एखांदं झाड लाव इथं," तो म्हणाला. "मायच्या शेजारी."

पुंजाराम फावड्याला चिकटलेली माती पायानं काढत होता.

"इथं नाही," तो म्हणाला. "यायले ही माती खपत नाही."