चोरलेल्या सुरांचं पुस्तक

संध्याकाळी सहापर्यंत त्सुयाकोला घरमालकाला कळवायचं होतं, दुकान ठेवायचं की सोडायचं.

कोबेत, मोतोमाचीच्या रेल्वेपुलाखालच्या त्या अरुंद जागेत तिच्या नवऱ्यानं, इसाओनं, चाळीस वर्षं लोकांना कॉफी पाजली आणि जॅझ ऐकवला. नियम एकच होता. रेकॉर्ड फिरत असताना तोंड उघडायचं नाही. कॉफी हवी तर बोट वर करायचं.

इसाओ गेल्यानंतरचा एकोणपन्नासाव्या दिवसाचा विधी आटोपला, तेव्हा तिनं मनाशी ठरवलं: आठवडाभर दुकान चालवून बघू. गाणं ऐकून आत काही हललं, तर ठेवू. आज सातवा दिवस होता. काही हललं नव्हतं. रडूही आलं नव्हतं. भात शिजवावा, भांडी घासावीत, तसे दिवस गेले.

तीन वाजता नेहमीचे दोघे आले. बंदरावर क्रेन चालवून निवृत्त झालेले हिरोसे, आणि दातांचे डॉक्टर नाबेशिमा. त्यांना कॉफी देऊन त्सुयाकोनं रेकॉर्ड लावली आणि इस्पितळातून आणलेलं इसाओचं पुस्तक उघडलं. कालपासून ती ते वाचत होती. इसाओ अर्ध्यावरच थांबला होता, ती त्याच्या पुढं गेली होती.

गोष्ट कोबेचीच होती. शहरातले सूर कुणीतरी चोरत होतं. आधी रस्ता ओलांडायचा दिवा हिरवा झाला की वाजणारी धून गेली, मग शाळेची घंटा, मग जहाजांचे भोंगे. चौकीवरची एक तरुण पोलीस बाई तपास करत होती. तिचा खबऱ्या होता माणसाचं रूप घेतलेला एक तानुकी, लोककथांतला ढेरपोट्या, लबाड रानकुत्रा. दारू पाजली की पोटाचा ढोल बडवत खरं बोलायचा, न पाजली की खोटं. गंमत अशी, की सूर गेलेले कुणाला कळतच नव्हते. लोक रस्ता ओलांडत होते, मुलं शाळेत जात होती. त्सुयाको पानं उलटत राहिली. तानुकीनं नुकतंच चोराचं नाव घ्यायला तोंड उघडलं होतं.

काउंटरवर सावली पडली. हिरोसे उभे होते. त्यांनी बोट वर केलं, खाली घेतलं आणि शेवटी रेकॉर्डकडे दाखवलं.

सुई शेवटच्या खाचेत खरखरत होती.

"कधी संपली?" त्सुयाकोनं विचारलं.

"झाली असतील पंचवीस मिनिटं, वहिनी."

"मग बोलायचं नाही का?"

"रेकॉर्ड फिरतेय की अजून! नियम म्हणजे नियम. तुमच्या यजमानांनी एकदा मला शिंकलो म्हणून बाहेर काढलं होतं, तेही पावसात."

"शिंकला नव्हतास, नाक शिंकरलं होतंस," मागून नाबेशिमा म्हणाले. "आणि एवढा वेळ डोळे मिटून मान कोण डोलवत होतं? खरखरीवर?"

"मला वाटलं, नवीन पद्धतीचं काही असेल!" हिरोसे म्हणाले. मग त्यांचा आवाज खाली आला. "आणि खरं सांगू का, वाटलं, वहिनी त्यांच्या आठवणीत बसल्यात. कशाला मोडता घालायचा?"

"मी पुस्तक वाचत होते," त्सुयाको म्हणाली.

तिनं सुई उचलली. गाणं चालू होतं तेव्हाही तिला ऐकू आलं नव्हतं, थांबलं तेव्हाही नाही. पंचवीस मिनिटं दोन म्हातारे तिच्यासाठी खरखर ऐकत बसले होते. याचं वाईट वाटायला हवं, हे तिला कळत होतं.

"हिरोसेसान, दुसरी बाजू तुम्हीच लावा."

"मी? चाळीस वर्षांत यंत्राला बोट लावू दिलं नाही त्यांनी!"

"लावा हो. मला फोन करायचाय."

हिरोसेंनी सदऱ्याला हात पुसले. नाबेशिमा श्वास रोखून बघत राहिले. सुई टेकली, सनई घुमावी तसा सॅक्सोफोन घुमला, आणि हिरोसेंनी दोन्ही हात पाठीमागं बांधले.

रेकॉर्ड चालू असतानाच त्सुयाको फोनवर बोलली. दोघांपैकी कुणी मान वळवली नाही.

"जागा सोडते मी. महिनाअखेर."

"एवढी घाई कशाला?" घरमालक म्हणाला. "विचार करा अजून. किती छान वाजतंय बघा मागं. काय लावलंय?"

त्सुयाकोनं क्षणभर कान दिला.

"माहीत नाही," ती म्हणाली. "किल्ली कुणाकडे द्यायची?"