कोरड्या दगडाचा कौल

मी एक जुना धबधबा आहे. मला माझे वय मोजता येत नाही, पण एक वर्ष पक्के लक्षात आहे. त्या वर्षीच्या फाल्गुनात जोतीराम गुरवाच्या एकुलत्या एका लेकीचे, बनुबाईचे, लग्न झाले आणि ती पार कवठे महांकाळकडच्या मुलखात नांदायला गेली. ते १९४३ साल होते.

मित्रांनो, पाटणच्या वर, जिथे गाडीवाट संपते आणि पायवाटही दमते, तिथे एका काळ्या कड्यावरून मी खाली येतो. कड्याच्या माथ्यावर राई आहे. जांभूळ, हिरडा, अंजन. इतकी दाट, की भर दुपारीही खाली ऊन उतरत नाही. या राईतली काडीसुद्धा उचलायची नाही, असा कड्याखालच्या वाडीचा नेम होता. झाड मोडून पडले तरी पडल्या जागी कुजायचे. म्हणून तिथली माती पावसाचे पाणी धरून ठेवी आणि मला वर्षभर थोडे थोडे देत राही. श्रावणात माझा आवाज चार डोंगर ऐकत. वैशाखात मी करंगळीएवढी धार होऊन गुपचूप उतरत असे. पण आटलो कधी नाही.

माझ्या पायथ्याशी कुंड आहे आणि कुंडाच्या काठावर धारजाई. ती म्हणजे कमरेएवढा काळा दगड. तिला ना देऊळ, ना छप्पर. पावसाळ्यात माझे तुषार तिच्या अंगावर उडत, तोच तिचा अभिषेक. वाडीतले कोणतेही मोठे काम तिला विचारल्याशिवाय होत नसे. जोतीराम तिच्या दोन्ही खांद्यांवर फुलाची एकेक कळी चिकटवी आणि सगळे श्वास रोखून बघत. उजवी कळी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. याला कौल म्हणत. हा कौल आषाढापासून कार्तिकापर्यंतच लावत, कारण तेव्हा देवीचे अंग ओले असे. ओल्या दगडावर कळी नीट बसते आणि आपल्या वेळेला पडते.

देवीची रोजची झाडलोट जोतीरामाची बायको हरणाबाई करी. ती माणसांशी कमी बोले, माझ्याशी फार. "काय रं, आज लय वरडाय लागलास? रातच्याला झोप न्हाई झाली व्हय?" असे ती मला विचारी आणि स्वतःच हसे. मला उत्तर देता येत नसे. पण कुणी विचारते आहे, एवढ्यानेच मला बरे वाटे.

तेव्हा लढाई चालू होती. वाडीतले सात गडी पलटणीत गेले होते. पेट्रोल मिळेनासे झाले होते, म्हणून उंब्रजच्या रस्त्यावरच्या मोटारी मागे टाकी बांधून कोळशावर चालवत. त्या कोळशासाठी डोंगरोडोंगरी भट्ट्या लागल्या. वैशाखात लालासाहेब नावाचे ठेकेदार आमच्या वाडीत आले. त्यांनी वर राईकडे पाहिले आणि मग जोतीरामाकडे.

"गुरवा, तुझी देवी उघड्यावर भिजतीया की रं. मी पत्र्याचं छप्पर घालून देतो. चांगले आठ पत्रे. मला फकस्त वरली झाडं दे."

जोतीरामाचे हेच दुखणे होते. शेजारच्या गावांतले गुरव त्याला चिडवत, "तुझ्या देवीला साधी छत्री न्हाई, गड्या." तीस वर्षे तो हे ऐकत आला होता.

"झाडं माजी न्हाईत, मालक," तो म्हणाला. "तिला इचारावं लागंल."

"मग इचार की. उद्याच इचार."

"पन ह्यो वैशाख हाय."

"वैशाखात देवी काय माहेरी जाती व्हय?"

माणसे हसली. जोतीरामही हसला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कौल लावायचे ठरले.

त्या सकाळी बनुबाई आईबरोबर कुंडावर आली. आखितीच्या सणासाठी ती पहिल्यांदाच माहेरी आली होती. आल्याबरोबर तिने दोन्ही पाय पाण्यात सोडले आणि कितीतरी वेळ ती उठलीच नाही.

"आये, तिकडं पान्याला दोन कोस जावं लागतं. म्हातारी मानसं म्हनत्यात, आदी वढा व्हता. टेकडीवरची झाडं तोडली आन वढा गेला."

"कुटं गेला?"

"गेला म्हंजी गेला. नुसती वाळू हाय."

 हरणाबाईने आधी माझ्याकडे पाहिले, मग वर राईकडे. मी तेव्हा करंगळीएवढाच होतो. ती नजर मला आजही आठवते.

दुपारी चाळीसेक माणसे कुंडाकाठी जमली. जोतीरामाने कळ्या पाण्यात बुडवून देवीच्या खांद्यांवर चिकटवल्या. दगड कोरडा ठणठणीत होता आणि त्याच्या उजव्या अंगावर उतरते ऊन पडले होते. थोड्याच वेळात उजवी कळी सुकली आणि पडली. लालासाहेबांनी फेटा सावरला.

तोच हरणाबाई पुढे आली. "कोरड्या दगडाचा कौल ह्यो. मी न्हाई मानत."

वाडीचा जुना माणूस ज्ञानू म्हणाला, "आवं वैनी, देवीनं कौल दिलाय. तुमी न मानाया कोन?"

"मी तिला रोज न्हाऊ घालती, भावजी. तुमी कवा घातलंया?"

"त्यो सोताच कवा न्हातोय!" मागून कुणीतरी म्हणाले, आणि जो तो हसू लागला. ज्ञानू हसला नाही. तो दगडाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "खरं हाय तिचं. आजवर कोरड्या अंगावर कवा कळी लावल्याली न्हाई. भिजवा देवीला आन परत लावा."

हरणाबाईने कलशी भरून आणली. आधी देवीच्या डोक्यावरून ओतली. मग शेवटचे पाणी ओतताना तिचा हात थोडा कलला आणि ते सगळे डाव्या खांद्यावर गेले. जोतीरामाने कळ्या लावल्या. डाव्या खांद्यावरून पाणी अजून ओघळत होते. डावी कळी त्या पाण्याबरोबर घसरली आणि खाली आली.

"एका दुपारी दोन निकाल! ही देवी हाय का मामलेदार?" लालासाहेब म्हणाले. पण कौलापुढे त्यांचेही चालले नाही. ते पलीकडच्या डोंगरावर गेले. तिथल्या भट्ट्यांचा धूर मी पुढे दोन वर्षे पाहिला.

सांज झाली. माणसे गेली. कुंडाकाठी नवराबायको दोघेच उरली.

"कलशी डावीकडं कलती केलीस," जोतीराम म्हणाला.

"व्हय."

"मला दिसलं."

"मग बोलला का न्हाई?"

"कुन्या तोंडानं बोलू? उजवं अंग उनात व्हतं. ती कळी आदी वाळनार, मला ठावं व्हतं. म्हनून तर दुपार धरली. छप्पर हवं व्हतं गं मला."

हरणाबाईने पदर तोंडाला लावला. जोतीरामाने फुलांची परडी देवीपुढे ठेवली आणि तो वाटेला लागला. त्यानंतर त्याने देवीच्या अंगाला हात लावला नाही. खालच्या वळणापर्यंत येई, उभ्यानेच हात जोडी आणि परत फिरे.

मित्रांनो, राई वाचली. माझी धारही वाचली. पण जी देवी एका दुपारी दोन गोष्टी सांगते तिला कोण विचारणार? पुढच्या कार्तिकात कौलाला कुणी आले नाही. लग्ने घरातच ठरू लागली. पेरणीचा नारळ शिवारातच फुटू लागला. वर येणाऱ्या वाटेवर आधी गवत वाढले, मग करवंदीच्या जाळ्या. श्रावणात मी पूर्वीसारखाच गर्जत होतो, पण ऐकायला कुणी नव्हते. आपलाच आवाज कड्यावर आपटून आपल्याकडे परत येतो, तेव्हा कसे वाटते हे मला त्या वर्षांत कळले.

हरणाबाई तेवढी येत राहिली. झाडलोट करी, पाणी घाली. ते मात्र दोन्ही खांद्यांवर सारखे घाली. पुढे गुडघे दुखू लागले तेव्हा ती कुंडाकाठी नुसती बसून राही. एकदा मला म्हणाली, "तुजं पानी ऱ्हायलं रं. पन माजं मानूस माज्याशी मोकळं बोलंना झालं." मला तिला सांगायचे होते, की बाई, त्या दुपारचे मी कुणाला सांगितलेले नाही. पण मला पडण्याखेरीज काही येत नाही. मी पडत राहिलो.

आता सरकारी माणसांनी राईच्या तोंडाशी चुना लावलेला दगड रोवला आहे. जंगल राखीव आहे, असे म्हणतात. वर्षातून एकदा एक शिपाई येतो, दगडाला पुन्हा चुना लावतो आणि जातो. झाडांना कुणी हात लावत नाही. कुंडात पायही कुणी सोडत नाही.

मित्रांनो, तुमच्या गावातही एखादी राई असेल, ओढा असेल. त्याच्यावर कुऱ्हाड आली तर तुम्ही आपल्या तोंडाने 'नाही' म्हणा. त्या दुपारी माझ्या कुंडाकाठी चाळीस माणसे होती. त्यातल्या निम्म्यांना झाडे उभी राहायला हवी होती, हे मला त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होते. पण सगळे कळ्यांकडे बघत उभे राहिले. दहाजणांनी जरी तोंड उघडले असते, तर एका एकट्या बाईवर देवीला खोटे पाडायची वेळ आली नसती. आणि राई राखलीत, तर अधूनमधून तिथे जाऊन बसत जा. राखलेल्या जागेलाही माणूस लागते.

जोतीराम गुरव १९४६ च्या भाद्रपदात वारला. हरणाबाई १९४९ च्या माघात वारली.