तीस दिवसांची आठवण

मी पोलीस ठाण्यातला रेकॉर्डर बोलतोय. चपलांच्या खोक्याएवढा काळा डबा, पुढे एक हिरवा दिवा. भिंतीवरचे कॅमेरे बघतात, ऐकतात. लक्षात ठेवायचं काम माझं. आज तोंड उघडलंय ते फुशारकी मारायला नाही. एका माणसाचा मी अपराधी आहे.

मला बसवायला आलेला कारागीर शिडीवरून उतरता उतरता म्हणाला होता, "याला तीस दिवसांचं आठवतं. एकतिसाव्या दिवशी पहिला दिवस आपोआप पुसला जातो. तुम्हाला काही करावं लागत नाही."

हे शेवटचं वाक्य ठाण्यातल्या सगळ्यांना फार आवडलं.

पहिले आठ दिवस माझ्यासमोर सगळे पोट आत घेऊन वावरले. आल्यागेल्याला अहो-जाहो करू लागले. नवव्या दिवशी कोणीतरी माझ्यावर ओला टॉवेल वाळत घातला, आणि मग मी आहे हेच सगळे विसरले.

त्या मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास शाळेच्या बसचे एक चालक आले. साठीला टेकलेले, शर्टाला कडक इस्त्री. बसला कोणीतरी गाडी घासून पळून गेलं होतं, त्याची तक्रार द्यायची होती. मोठे साहेब फोनवर हसत होते. चालकांनी चाळीस मिनिटं वाट पाहिली. दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर साहेब उठले आणि त्यांनी चालकांच्या कानाखाली काडकन वाजवली.

चालक पडले नाहीत. ते बाकावर बसले, कानावर हात ठेवला आणि काहीतरी आठवत असल्यासारखे भिंतीकडे बघत राहिले. मी ते सगळं टिपलं.

ठाण्याच्या वहीत मात्र लिहिलं गेलं: 'इसम दारूच्या नशेत पायरीवरून पडला.' कानाचा पडदा फाटलाच होता. त्या एका ओळीने नोकरीही गेली. दारुड्याच्या हाती मुलांची बस कोण देणार?

त्या मंगळवारपासून नवव्या दिवशी त्यांची मुलगी आली. छापखान्यात मुद्रितं तपासायची ती. त्यामुळे एकेक अक्षर, एकेक तारीख बोट ठेवून वाचायची सवय. तिने काउंटरवर अर्ज ठेवला: अमुक दिवशीचं, सकाळी अकरा ते बाराचं रेकॉर्डिंग मिळावं.

काउंटरवर कारकून होते. त्यांना सगळे उद्याराव म्हणत, कारण त्यांच्याकडचं प्रत्येक काम उद्या व्हायचं. माणूस वाईट नव्हता, घाबरट होता. त्यांनी अर्ज वाचला, इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"ताई, मी पाहिलंय ते. तुमचे बाबा चांगले शुद्धीत होते हो. पडलेबिडले नाहीत."

"मग द्या ना ते रेकॉर्डिंग."

"देतो की. साहेबांची सही झाली की लगेच."

"अर्जाची पोच?"

"पोच कशाला? मी आहे ना इथे!"

तिने विश्वास ठेवला. त्यानंतर ती सहा वेळा आली. साहेब बैठकीला गेलेत, साहेब रजेवर आहेत, अर्ज वरच्या कार्यालयात गेलाय. अर्ज कुठेही गेला नव्हता. उद्यारावांच्या खणात, जेवणाच्या डब्याच्या रुमालाखाली पडला होता. मी दिवस मोजत होतो. मला दुसरं येतंच काय?

एकतिसाव्या दिवशी सकाळी अकराला मी तो तास पुसला. कोणी बटण दाबलं नाही, कोणी धमकावलं नाही. मीच पुसला. त्या जागी मग रिकामा बाक आणि झाडू मारणाऱ्या मावशी आल्या. माझा हिरवा दिवा तेव्हाही तसाच मिणमिणत होता, जसं काही झालंच नाही. त्याची लाज मला अजून सोडत नाही.

चौतिसाव्या दिवशी तिच्या हातात उत्तर पडलं: 'आपला अर्ज आजच प्राप्त झाला. रेकॉर्डिंग तीसच दिवस राहते. सबब उपलब्ध नाही.'

ती काउंटरसमोर उभी राहून ते दोनदा वाचत होती. 'आजच' या शब्दावर तिचं बोट थांबलं. ती ओरडली नाही. तिने मान वर करून कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग बोटांवर काहीतरी मोजलं.

दुसऱ्याच दिवशी ती वरच्या कार्यालयात अपील ऐकणाऱ्या मॅडमकडे गेली. तिची मागणी आता वेगळी होती: मी अर्ज दिला त्या दिवशीचं, काउंटरवरचं रेकॉर्डिंग द्या. ते पुसायला चार दिवस आहेत. या वेळी तिने आधी पोच मागितली, मगच अर्ज हातातून सोडला.

दोन दिवसांनी मॅडमचा माणूस आला. त्याने माझी वायर काढली आणि मला लाखेने मोहोरबंद केलं. साहेब दारात उभे होते. एरवी फोनवर खोखो हसणारा माणूस, वाजणारा फोन खिशातच दाबून धरून होता.

सुनावणीत मला टेबलावर ठेवलं आणि पडद्यावर ते काउंटर दिसलं. "तुमचे बाबा चांगले शुद्धीत होते हो," हे उद्यारावांचं वाक्य सगळ्या खोलीने ऐकलं. मॅडमनी विचारलं, "हा आवाज कोणाचा?"

उद्याराव खुर्ची धरून उठले. "माझा, मॅडम. अर्ज मीच दाबून ठेवला. साहेबांनी सांगितलं होतं." मग चालकांकडे वळून ते म्हणाले, "दादा, मी हे त्याच दिवशी बोलायला हवं होतं."

वहीतली ती ओळ रद्द झाली. साहेबांची चौकशी लागली. पण एका कानाने बस चालवता येत नाही, त्यामुळे नोकरी काही परत मिळाली नाही.

सगळे उठले तेव्हा चालक टेबलापाशी आले. कडक इस्त्रीचा शर्ट तसाच होता. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"यात मी आहे ना गं?"

मुलगी वळसा घालून त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला गेली. "नाही, बाबा. तुम्ही पुसले गेलात. यात मी आहे."

त्यांनी मान हलवली आणि हात काढून घेतला.

आता मी एका कपाटात पुरावा म्हणून पडून आहे. माझा दिवा विझलाय. पुसणं थांबलं, एवढंच समाधान. माझ्या जागी नवा डबा बसलाय, त्यालाही म्हणे तीसच दिवसांचं आठवतं. तुमच्यावर तशी वेळ आली, तर 'उद्या या' ऐकून परत फिरू नका. आमच्यासारख्यांच्या भरवशावर राहू नका. पोच घ्या, तारीख नीट वाचा. आणि ते चालक कुठे भेटलेच, तर त्यांच्या डाव्या बाजूला उभं राहून बोला. त्यांच्या उजव्या कानाला आता काही ऐकू येत नाही.