धुतलेले हात

"रक्तात जामूर झालाय," डॉक्टर लारासबाईंनी सांगितलं, तेव्हा वागिनो चक्क हसला. टेंपे करणारा माणूस तो. उकडलेल्या सोयाबीनवर पांढरी बुरशी धरवायची आणि वड्या विकायच्या, हा बापजाद्यांपासूनचा धंदा. त्या बुरशीलाही आमच्या मलांग शहरात जामूरच म्हणतात.

"जामूर होय! बू डॉक्टर, त्याच्यावर तर आमचं घर चालतं."

"पाक वागिनो, हा जीव घेतो." बाईमाणसाला मानानं बू म्हणायचं, बाप्याला पाक, ही आमच्याकडची रीत.

त्याच्या बायकोचं, सुमिंतेनचं, आतड्याचं ऑपरेशन झालेलं. मानेतल्या नळीतून औषधपाणी चालू होतं. ताप काही हटेना, म्हणून रक्त तपासलं, तर त्यात बुरशी वाढली. आता नळी काढली, बुरशीवरचं औषधही सुरू केलं. पण फार उशीर झाला होता. "तिच्याजवळ जाताना हात नीट धुवा," म्हणून बाई पुढच्या खाटेकडे गेल्या.

झालं! वागिनो आपल्या हातांकडे बघत राहिला. रोज याच हातांनी तो सोयाबीनला बुरशी लावायचा, आणि इथं येऊन याच हातांनी तिची वेणी घालायचा. त्या नळीजवळच! अरे माणसा, विचार की कुणाला तरी! पण डॉक्टरला उलट प्रश्न करायचा म्हणजे आमच्याकडे जीभ उचलत नाही. तो नळाखाली हात घासत बसला, कातडी सोलेपर्यंत. तरी जवळ जायचा धीर होईना.

"अहो, दारात काय उभे? जावई आहात का, या म्हणायला?" सुमिंतेन म्हणाली.

"इथं बरा आहे मी."

"हात तरी द्या हातात."

त्यानं हात पाठीमागे लपवले. "उद्या देतो गं."

तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. तेव्हा कुठे त्याला कंठ फुटला. "मी मारलं तिला, बू. माझ्या हातांच्या जामूरनं."

"काय बोलताय!" लारासबाई हबकल्याच. "टेंपेचा जामूर निराळा हो. हा तिच्याच अंगातला, रक्तात शिरला. तुमचा काही दोष नाही. हात धुऊन खुशाल जवळ बसायचं होतं तुम्ही."

चादर सारखी करणारी नर्स हळूच म्हणाली, "त्या काल मला विचारत होत्या, 'माझी किळस आली का हो त्यांना?'"

वागिनोनं सुमिंतेनचा हात हातात घेतला. गार पडला होता.

"नाही गं," तो त्या हाताला सांगत राहिला. "नाही गं, नाही."