मावशीवर घेतलेला आळ

मावशीचे डोळे पिवळे पडले आणि कारखान्यात कुजबुज सुरू झाली. बुटांना सोल चिकटवण्याच्या कामावर ती अकरा वर्षं होती. तिच्याच हाताखाली शिकून वर चढलेला मुकादमही हसत म्हणाला, "लिव्हर उगाच बिघडत नाही. घरी गुपचूप चालू असेल!"

मावशीच्या कानावर ते गेलं. ती खाली मान घालून सोल चिकटवत राहिली. चौथ्या दिवशी मात्र कामावरच चक्कर येऊन पडली, आणि मुकादमालाच तिला दवाखान्यात न्यावं लागलं.

"आधी दारूचं विचारा," तो डॉक्टरीणबाईंना म्हणाला.

"थेंबही घेतला नाही कधी," मावशी भिंतीकडे बघत म्हणाली.

"मग दुसरं काय घेता?" बाईंनी विचारलं.

"सोल चिकटवायच्या सोल्युशनच्या वासानं डोकं ठणकतं, त्याच्या गोळ्या. दिवसाला सहा, कधी आठ. आणि शेजारणीनं दिलेली ताकदीची पावडर."

"वास फक्त सोल्युशनचाच?"

"सोल पुसायचं थिनरही असतं ना."

मुकादम घाईघाईनं म्हणाला, "दोन्ही मर्यादेत आहेत, बाई! हवेच्या तपासणीचे कागद आहेत माझ्याकडे."

"एकेकट्याचे असतील. सगळं मिळून किती होतं, त्याचा कागद आहे?"

मुकादमानं नकारार्थी मान हलवली.

"अहो, दोन वाफा, गोळ्या, वर ती पावडर. हे सगळं निस्तरायला यकृत एकच! एकट्यानं जे फारसं बाधलं नसतं, ते दुसऱ्याच्या जोडीनं जास्त घातक ठरू शकतं. आणि वास कोंडतो कसा? खिडक्या नाहीत?"

खिडक्या होत्या. धूळ येते म्हणून मुकादमानंच बंद करवल्या होत्या!

दुसऱ्या दिवशी त्यानं सगळ्यांना गोळा केलं. "मावशीनं दारूला हातही लावलेला नाही. मी खोटं बोललो." मग खिडक्या उघडल्या. मालकाच्या मागे लागून त्यानं वाफ बाहेर ओढणारे पंखे बसवून घेतले, थिनरचं काम वेगळ्या खोलीत हलवलं.

गोळ्या आणि पावडर बंद झाल्यावर मावशी हळूहळू सावरली. तीन महिन्यांनी परतली, ती खोकी भरण्याच्या कामावर.

"चुकलो, मावशी," मुकादम म्हणाला.

"चुकलास खरा. पण माझ्या जागेवरची ती नवी बाई रोज गोळी गिळते, पाहिलंस का? जा, तिचं डोकं कशानं दुखतं ते विचार आधी."

तो लगेच गेला.

मंडळी, आजारी माणसावर आळ घेणं सोपं असतं. त्याच्या शरीरात एकाच वेळी काय काय जातंय, हे विचारायला थोडे कष्ट पडतात. ते आपण घेऊ या. कुणाचा तरी जीव त्यानं वाचेल!