दोनशे चाळीस नंबर

म्हाताऱ्याला सुतारकामाचं वेड लागलं ते रिटायर झाल्यावर. जन्मभर ऑफिसात फायली पुढे सरकवल्या, आणि आता म्हणे स्वतःच्या हातानं काहीतरी करायचं. मागच्या खोलीत करवत आली, ड्रिल आलं, शेवटी लाकूड घासायचा विजेवरचा सँडर आला. पहिलं स्टूल तीन पायांवर उभं राहायचं, चौथा हवेत. चहात भुसा, उशीवर भुसा. बायको त्याला भुसेनाथ म्हणायची.

मग तिची उजवी बाजू गेली. जीभ जड झाली, टोमणे मात्र शाबूत राहिले. डॉक्टरांनी म्हाताऱ्याला बाजूला घेऊन बजावलं होतं की हिला गिळायला त्रास आहे, साधी थुंकीसुद्धा अडकेल. अडकली की धावत जाऊन उठवून बसवायचं, उशीर झाला तर संपलंच. म्हणून त्यानं तिच्या उशाशी भिंतीत हुक ठोकून घंटा टांगली आणि दोरी तिच्या डाव्या हाताशी सोडली.

आता तो पलंगापासून खिडकीपर्यंत लाकडी कठडा करत होता. तो धरून ती चार पावलं टाकेल, बाहेर बघेल, एवढीच त्याची हौस. तिची कातडी इतकी पातळ झाली होती की बारीक कुसळ घुसलं तरी चिघळायचं. त्यामुळे लाकूड पार गुळगुळीत हवं. आधी ऐंशी नंबरचा पॉलिशपेपर, मग एकशेवीस, मग एकशेऐंशी, शेवटी दोनशे चाळीस. सँडरच्या आवाजानं त्याचे कान बधिर व्हायला लागले, तेव्हा परगावच्या मुलीनं कान झाकायचे जाड मफ पाठवले.

मफ चढवले की घंटा काय, घर कोसळलं तरी ऐकू येणार नाही, हे न कळण्याइतका म्हातारा खुळा नव्हता. त्यानं नियमच करून टाकला. पाच-सात मिनिटांत पेपर बोथट व्हायचा. पेपर बदलायची वेळ आली की मशीन बंद, मफ खाली, आणि तिच्या दारात जाऊन यायचं. "आलोच गं," असं तो वाटेतूनच म्हणायचा. ती विचारायची, कितवा नंबर झाला? दोन महिने हा नियम एकदाही चुकला नाही.

त्या सकाळी त्यानं दुकानातून महागातला पेपर आणला होता. तिप्पट टिकतो, असं दुकानदार म्हणाला होता, आणि मेला खरंच टिकला. एकशेऐंशीचा पेपर बोथट होण्याचं नाव घेईना. लाकडाच्या रेषा उजळून वर येत होत्या, म्हातारा खुशीत मशीन फिरवत होता, आणि किती वेळ गेला याची त्याला शुद्धच राहिली नाही.

शेवटी पेपर बदलायला थांबला, मफ काढले आणि दारात गेला.

तिचे ओठ निळे पडले होते. दोरी डाव्या हाताच्या बोटांना करकचून गुंडाळलेली होती. भिंतीतला हुक उपटून आला होता, घंटा अंथरुणात पडली होती, उशीवर सिमेंटचा चुरा होता. त्यानं तिला उठवून बसवलं, पाठीवर थापट्या मारल्या, हाका मारल्या. अंग अजून कोमट होतं.

डॉक्टर आले, तिचे डोळे मिटवून, कागद लिहून गेले. मुलीला फोन झाला. तिला यायला चार तास लागणार होते. म्हातारा पलंगाशी बसला आणि त्याची नजर हुक उपटून भिंतीत पडलेल्या भोकावर गेली. एका हातात तेवढं बळ कुठून आलं असेल? किती वेळा ओढली असेल तिनं दोरी? मुलीला हे दिसलं तर ती माझं तोंड बघणार नाही, एवढंच त्याच्या डोक्यात आलं. त्याला स्वतःची शरम वाटली, तरी तो उठला. उशी झटकली, घंटा आणि हुक हत्यारांच्या पेटीत तळाशी टाकले आणि भोकात पुट्टी भरली.

वाळल्यावर ती हातानंच घासली. आधी एकशेऐंशीनं. मग दोनशे चाळीसचा पेपर घ्यायला थांबला आणि सवयीनं मागे वळला.

"आलोच गं," तो म्हणाला.

मग खाली बसून तो लहान पोरासारखा रडला. रडून झाल्यावर उरलेलं घासलं.

मुलगी आली ती थेट आईच्या अंगावर कोसळली. बऱ्याच वेळानं ती भिंतीला टेकून बसली. घंटा कुठंय, असं तिनं विचारलं. काढून ठेवली, आता कुणाला लागणार, असं तो म्हणाला.

"झोपेतच गेली ना, बाबा?"

"हो."

"मग वाजवावी लागली नाही तिला." मुलीनं डोळे पुसले. "मफ पाठवल्यापासून माझ्या जिवाला घोर होता. तिनं वाजवली आणि तुम्हाला ऐकूच आलं नाही तर? ते पाप माझ्या माथी आलं असतं."

म्हाताऱ्याला खरं सांगायची वाट आता कायमची बंद झाली होती.

"झोपेत गेली," तो पुन्हा म्हणाला.

मुलीनं मान हलवली आणि उठताना आधारासाठी भिंतीवर हात टेकला, नेमका तिथेच. तिच्या हाताला काहीच लागलं नाही.