मॅनससाठी, अकरा वेळा

मी नुआला गिलेस्पीची फिडल बोलतेय. तुम्ही मला व्हायोलिन म्हणाल. इथं डोनेगलच्या किनाऱ्यावर कुणी तसं म्हटलं, तर मी ओ देत नाही. आणि आधीच सांगून ठेवते, मी डूख धरणारी आहे.

मला नुआलाच्या आजोबांनी घडवलं. ते होड्या बांधायचे. त्यामुळे माझा आवाज जरा घोगरा निघाला, पण दोन सुरांत लोकांच्या टाचा उचलायच्या. सतराव्या वर्षापासून नुआलानं मला लग्नांत, जत्रांत, नाचांत वाजवलं.

तिचा धाकटा भाऊ मॅनस हेरिंग मासे धरायला समुद्रात गेला. होडी सापडली, तो नाही. नऊ दिवस तिनं मला हात लावला नाही. दहाव्या सकाळी हनुवटीखाली घेतलं आणि एक संथ धून निघाली. नाव ठेवलं, ‘मॅनससाठी’. थडगं नव्हतंच. त्याची म्हणून तेवढीच जागा.

फेलिम डेव्हनी तिच्या जोडीनं वाजवायचा. एकदा चहाला आला होता. “पुन्हा वाजव गं,” म्हणाला. तिनं तीनदा वाजवली. तो डोळे मिटून बसला होता. मला वाटलं, रडतोय. पाठ करत होता मेला!

वसंतात शेजारची रोझ धावत आली. “अगं नुआला, रेडिओ लाव! फेलिम वाजवतोय. तुझीच ना गं ही?”

निवेदक सांगत होता: फेलिम डेव्हनी यांची स्वतःची रचना, ‘डेव्हनीचा निरोप’.

नुआला तडक त्याच्या दारात गेली. मी तिच्या काखोटीला होते.

“धुना काय गं, वाऱ्यावरच्या असतात,” फेलिम हसला. “कुणाच्या बापाच्या थोड्याच?”

“ही माझ्या भावाची आहे.”

“मग कर सिद्ध.”

माझी तार तुटून त्याच्या डोळ्यात जावी, असं मला वाटलं. नुआलाचा राग माझ्यापेक्षा थंड होता.

फेलिम डब्लिनला गेला. त्याच्या तबकड्या निघाल्या, फोटो छापून आले. नुआला मला पाठीशी बांधून सायकलवर गावोगाव शिकवत हिंडू लागली. चौदा वर्षं. शिक्षिका येवो, लोहार येवो, मासे खारवणाऱ्या बायका येवोत, सगळ्यांना आधी तीच धून. अट एकच: “वाजवण्याआधी नाव घ्यायचं. नाव नाही, तर धून नाही.”

मग आमच्या बाजारगावी स्पर्धा ठरली. परीक्षक, फेलिम डेव्हनी.

पहिली पोस्टातली बाई उठली. “‘मॅनससाठी’. रचना नुआला गिलेस्पी.” फेलिमनं मान वर केली. मग लोहार उठला. तेच नाव, तीच धून. चौथ्या वेळी लोक खुसखुसले. सातव्या वेळी सगळे गप्प झाले. दहा जण झाले, तरी फेलिमचा कागद कोराच. अकरावी नुआला. त्या दिवशी मी जशी वाजले, तशी ना आधी वाजले, ना नंतर.

तिला त्यानं दारात गाठलं. “पुरे कर, नुआला. चारचौघांत माझी लाज काढलीस.”

“तुझं नाव तरी घेतलं का कुणी?”

“काय हवंय तुला?”

“आत जा. सगळ्यांसमोर सांग, धून कुणाची ते.”

तो मागच्या दारानं निघून गेला. डोनेगलमध्ये पुन्हा त्याला कुणी वाजवायला बोलावलं नाही.

गेल्या हिवाळ्यात तो वारला. त्याची मुलगी आली. “बाबांची शेवटची इच्छा होती, दफनाच्या वेळी ती धून तुम्ही वाजवावी.”

“त्यांनी सांगितलं का पोरी, ती कुणाची?”

मुलीनं मान हलवली, नाही.

“तुझ्यावर राग नाही गं माझा. चहा घे,” नुआला म्हणाली. चहा दिला. धून दिली नाही.

आता तिची बोटं सुजलीत. रोज मांडीवर घेऊन तारा तेवढ्या जुळवते. लोक म्हणतात, मेलेल्या माणसावर कसला राग? मला नका शिकवू. नुआलाच्या मागं मी कुणाच्याही हाती पडले, तरी खुशाल वाजवा. फक्त डेव्हनींच्या उंबऱ्याआत नेऊ नका. तिथं मी बेसूरच वाजेन.